हिलेलची पाठशाळा आणि विद्यापीठाचे आवार

१९२० नंतरच्या काळातील ही गोष्ट आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एडवर्ड चॉन्सी बॉल्डविन नावाचे एक ख्रिस्ती प्राध्यापक इंग्रजी साहित्य शिकवीत असत. आपल्या यहुदी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच धर्मग्रंथांची आणि परंपरेची नीट ओळख नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अब्राहाम, मोशे आणि यशया हे ज्यांचे पूर्वज, त्यांनीच त्या नावांना पारखे व्हावे ही गोष्ट या सहृदय गुरुजींच्या मनाला लागली. आपली खंत त्यांनी यहुदी समाजातील जाणत्या मंडळींच्या कानावर घातली. त्यातूनच १९२३ साली बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बींनी त्या विद्यापीठात यहुदी विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र उघडले. प्रभू येशूच्या जन्माच्या आसपास जेरुसलेममध्ये होऊन गेलेले थोर आचार्य हिलेल यांचे नाव त्याला देण्यात आले. १८४३ पासून कार्यरत असलेल्या ‘बनेई ब्रिथ’ या यहुदी संघटनेने पुढे त्याला आश्रय दिला. फ्रँकेल १९२७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तले. परंतु त्यांनी लावलेल्या रोपाच्या फांद्या अनेक विद्यापीठांत पसरल्या.

वाचकांना ही कल्पना अपरिचित वाटू नये. घरापासून दूर शिकणाऱ्या कॅथोलिक विद्यार्थ्यांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ सालीच पहिला ‘न्यूमन क्लब’ निघाला होता. आपले मूल परक्या गावी शिकायला गेले की त्याच्या श्रद्धेचे काय होईल, ही काळजी सर्वच धर्मांच्या आईबापांना सारखीच असते.

मात्र यहुदी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या काळजीला आणखी एक किनार होती. युरोपातील अनेक विद्यापीठांत यहुदी मुलांना मोजक्याच जागा मिळत. अमेरिकेतही १९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी यहुदी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार उघडपणे मांडला होता. अशा वातावरणात १९२४ साली ‘यहुदी विद्यार्थ्यांचा जागतिक संघ’ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्षपद अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी स्वीकारले, तर त्याच्या उभारणीत हर्श लॉटरपाख्ट हा कायद्याचा तरुण अभ्यासक आघाडीवर होता. नाझींच्या संहारात लॉटरपाख्ट यांचे जवळजवळ सारे कुटुंब नष्ट झाले. १९४५ साली न्यूरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेत ‘मानवतेविरुद्धचा अपराध’ ही संज्ञा आली, ती मुख्यतः त्यांच्या प्रेरणेने. विद्यार्थी चळवळीत घडलेला हा नेता आपल्या लोकांच्या दुःखाला जगातील सर्वांना लागू पडणाऱ्या कायद्याची भाषा देऊन गेला. त्याचा हा वारसा आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

अमेरिकेत १९२५ साली ‘अवुका’ नावाची झायनवादी विद्यार्थी संघटना निघाली. हिब्रू भाषेत अवुका म्हणजे मशाल. तिचे एक अध्यक्ष झेलिग हॅरिस हे पुढे विख्यात भाषाशास्त्रज्ञ झाले. यहुदी आणि अरब यांनी पॅलेस्टाइनमध्ये एकत्र नांदावे असा विचार करणारी मंडळी या संघटनेत होती. १९४३ च्या सुमारास ती विझली. त्याआधी १९४१ मध्ये श्लोमो बार्डिन यांनी महाविद्यालयीन तरुणांसाठी एक उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांची प्रेरणा होती. अभ्यास, शब्बाथ, गाणी आणि अंगमेहनत अशा दिनक्रमातून समाजाचे पुढारी घडवावेत, हा त्यामागील हेतू होता. या पहिल्या पर्वाचा सूर आत्मशोधनाचा होता, असे आम्हांस वाटते. तरुणाने आधी स्वतःला ओळखावे, मग लोकांपुढे जावे.

१९४८ साली इस्राएलचे राष्ट्र जन्मास आले. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात त्याने पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम ताब्यात घेतले, तेव्हा जगाची दृष्टी बदलली. काल ज्याच्याबद्दल कळवळा होता, त्याच्याकडे आज अनेक तरुण विजेता म्हणून पाहू लागले. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका अग्रगण्य विद्यार्थी संघटनेच्या वार्तापत्रात इस्राएलवर कडक टीका आली, आणि त्या लढ्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले यहुदी तरुण दुखावले. १० नोव्हेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने झायनवाद हा वंशवादाचाच प्रकार असल्याचा ठराव ७२ विरुद्ध ३५ मतांनी संमत केला. तो १९९१ साली रद्द झाला. पण मधल्या सोळा वर्षांत विद्यापीठांच्या सभागृहांत त्याचे पडसाद उमटत राहिले.

येथून विद्यार्थी-नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला नवे वळण लागले. अमेरिकन संसदेत इस्राएलच्या बाजूने प्रयत्न करणारी ‘एपॅक’ ही संस्था १९५० च्या दशकात आकारास आली होती. १९७९ साली तिने महाविद्यालयीन तरुणांना राजकीय नेतृत्वाचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये विद्यापीठांतील इस्राएलविरोधी प्रचाराची ओळख करून देणारी एक मार्गदर्शिकाही तिने प्रसिद्ध केली. या प्रशिक्षणामागचा हिशेब सरळ होता. आज जो विद्यार्थी प्रतिनिधी आहे, तो उद्या नगरसेवक, आमदार वा खासदार होईल. तेव्हा मैत्री आजच जोडावी. म्हणून केवळ यहुदीच नव्हे, तर ख्रिस्ती आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढाऱ्यांनाही वॉशिंग्टनच्या परिषदांची आमंत्रणे जाऊ लागली. लोकप्रतिनिधींना कसे भेटावे, पत्र कसे लिहावे, सभेत कसे बोलावे, विद्यार्थी मंडळातील ठरावाला कसे सामोरे जावे, हे सारे तेथे शिकविले जाई. लोकशाहीत हे सर्व कायदेशीर आहे, आणि त्यात कष्टही पुष्कळ आहेत.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा भडकला. वर्षभराने दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, आणि तेथे इस्राएल हाच मुख्य आरोपी असल्यासारखे चित्र उभे राहिले. त्यानंतर थोड्याच काळात संस्थांची रांगच उभी राहिली. लॉस एंजेलिस येथे २००१ साली ‘स्टँड विथ अस’ ही संस्था निघाली. त्याच वर्षी ‘हस्बारा फेलोशिप’ सुरू झाली. या योजनेत इस्राएलच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सहकार्याने विद्यार्थ्यांना त्या देशात नेऊन तयार केले जाई. २००२ मध्ये शुस्टरमन प्रतिष्ठान आणि हिलेल यांनी मिळून अशा सर्व प्रयत्नांचा मेळ घालणारी ‘इस्राएल ऑन कॅम्पस कोअलिशन’ ही संस्था उभी केली. हस्बारा म्हणजे समजावून सांगणे. शब्द मोठा सौम्य आहे. परंतु आपलेच म्हणणे पटवून द्यायचे असा निर्धार करून माणूस समजावू लागला की, समोरच्याचे समजून घेणे कोठे संपते हे त्याचे त्यालाही कळत नाही.

याचे एक बोलके उदाहरण येथे द्यावेसे वाटते. १९३७ साली, हिटलरच्या प्रचाराचा भोंगा युरोपभर वाजत असताना, न्यूयॉर्कमध्ये काही विद्वानांनी प्रचाराचे विश्लेषण करणारी एक संस्था काढली. प्रचाराच्या सात युक्त्या तिने सामान्य नागरिकांना समजावून दिल्या. प्रतिपक्षाला वाईट नावे ठेवणे, मोठमोठे गोड शब्द वापरणे, आपल्या बाजूला पवित्र गोष्टींचे वलय चढविणे, नामवंतांची साक्ष काढणे, आपण साधी माणसे आहोत असे भासविणे, सोयीचे तेवढेच पुढे करणे, आणि सगळे जातात तिकडे तुम्हीही चला असे म्हणणे, या त्या सात युक्त्या. लोकांनी त्या ओळखाव्यात आणि फसू नये, हा त्या विद्वानांचा उद्देश होता. २००२ साली यहुदी विद्यार्थ्यांच्या जागतिक संघाने विद्यापीठात इस्राएलची बाजू मांडण्यासाठी एक हस्तपुस्तिका काढली. तिच्यातही प्रचाराच्या सात युक्त्यांचे प्रकरण आहे. फरक एवढाच की येथे त्या ओळखण्याबरोबर वापरण्यासाठीही सांगितल्या आहेत. आइन्स्टाइन आणि लॉटरपाख्ट यांच्या संघाच्या पुस्तिकेत हे यावे, याचे वाईट वाटते. विषावरील उताऱ्याच्या बाटलीतच विष भरून ठेवण्यासारखे हे झाले.

पण केवळ एकाच बाजूला बोल लावणे हा अन्याय ठरेल. पॅलेस्टाइनच्या बाजूनेही विद्यापीठांत संघटना उभ्या राहिल्या. बर्कले येथे ‘स्टुडंट्स फॉर जस्टिस इन पॅलेस्टाइन’ निघाली. २००५ च्या जुलैमध्ये इस्राएलवर बहिष्काराची हाक दिली गेली, आणि विद्यार्थी मंडळांतून गुंतवणूक काढून घेण्याचे ठराव येऊ लागले. त्यांचीही शिबिरे आणि घोषणा आहेत, आणि सोयीचे तेवढेच सांगण्याची सवय त्यांनाही सुटलेली नाही. २०१० साली बर्कलेच्या विद्यार्थी मंडळाने असा ठराव १६ विरुद्ध ४ मतांनी संमत केला, मंडळाच्या अध्यक्षाने नकाराधिकार वापरला, आणि रात्र-रात्र चाललेल्या सभांनंतर तो ठराव अखेर बारगळला. त्या सभांत दोन्हीकडची मुले रडली. ज्यांची आजी छळछावणीतून वाचली ती मुले तेथे होती, आणि ज्यांच्या आजोबांच्या हाती १९४८ मध्ये सोडलेल्या घराची केवळ किल्ली उरली, अशी घराणी ज्यांना आपली वाटतात, तीही होती.

ख्रिस्ती लोकही या प्रकरणात अलिप्त नाहीत. २००६ साली पास्टर जॉन हॅगी यांनी इस्राएलच्या समर्थनार्थ ख्रिस्ती लोकांची एक मोठी संघटना उभारली आणि तिची शाखा विद्यापीठांतही नेली. त्याच वर्षी जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बा आणि तेथील अन्य ख्रिस्तसभांचे प्रमुख यांनी अशा ख्रिस्ती झायनवादाला जाहीर विरोध केला. सब्बा हे स्वतः पॅलेस्टिनी अरब, नाझरेथचे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा स्पष्ट निषेध केला आणि १९९३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनने इस्राएलशी करार केला. यहुदी समाजाशी बंधुभाव आणि पवित्र भूमीतील अरब ख्रिस्ती बांधवांचे दुःख, ही दोन्ही कॅथोलिकांना एकाच वेळी हृदयात बाळगावी लागतात. ते सोपे नाही.

आता हिलेलकडे परत येऊ. २०१० साली या संस्थेने आपल्या केंद्रांसाठी नियम केले: इस्राएलचे यहुदी व लोकशाही राष्ट्र म्हणून अस्तित्व नाकारणाऱ्या, अथवा बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या संस्थांना आणि वक्त्यांना आपल्या छपराखाली स्थान नाही. अनेक पालकांना हे रास्त वाटले; मुलांना निदान एक जागा निर्धास्त मिळावी, हे त्यांचे म्हणणे. परंतु काही यहुदी विद्यार्थ्यांनाच ते जाचू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयातील मुलांनी आपले केंद्र सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले, आणि २०१५ मध्ये त्यांनी हिलेल हे नावच सोडले. टीका करणारा मुलगा घरचा की बाहेरचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्या रायगडच्या बेने इस्राएल बांधवांची आठवण होते. मराठी बोलणारी ही मंडळी मोठ्या ओढीने इस्राएलला गेली. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. आपल्या यहुदीपणावरच आलेला हा संशय त्यांना सहन झाला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांचे पूर्ण यहुदीपण मान्य करणारा ठराव केला. राज्यकर्त्यांच्या दारात बसलेली ती माणसे इस्राएलची शत्रू होती काय? उलट, त्यांनी त्या राष्ट्राला आपले मानले होते म्हणूनच त्याच्याकडे न्याय मागितला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली आणि सुमारे अडीचशे जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो स्त्रिया आणि बालके मृत्युमुखी पडली. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले, पोलीस आले, आणि तेच दृश्य अनेक विद्यापीठांत दिसले. हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांच्या अध्यक्षांना त्याआधीच पद सोडावे लागले होते. चाळीस-पन्नास वर्षे तयार होत आलेले दोन्हीकडचे वक्ते समोरासमोर उभे होते. बोलण्याची तयारी उत्तम होती. ऐकण्याची तयारी करून घेणारे शिबिर मात्र फारच थोड्यांनी पाहिले होते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना एक शिस्त होती. संत थॉमस अक्वायनस यांच्या पद्धतीनुसार आधी प्रतिपक्षाचे आक्षेप मांडायचे, तेही इतक्या प्रामाणिकपणे की त्याने स्वतः मान डोलवावी. मगच आपले उत्तर द्यायचे. तेव्हा ती डोकेदुखी वाटे. पुढे आम्हांस कळले की यहुदी परंपरेतही असेच सांगितले आहे. हिलेल आणि शम्मय यांच्या पाठशाळांत दीर्घकाळ वाद चालला. अखेर हिलेलच्या पाठशाळेचे मत ग्राह्य धरले गेले. तल्मूदमध्ये त्याचे कारण दिले आहे, ते असे: ते शिष्य सौम्य व नम्र होते, शम्मयच्या शिष्यांची मतेही ते शिकवीत, इतकेच नव्हे तर आपल्या मतांआधी त्यांची मते सांगत.

विद्यापीठातील शेकडो केंद्रांच्या दारावर ज्यांचे नाव कोरले आहे, त्या आचार्यांचा हा धडा आहे. आपल्या लोकांची बाजू मांडणे हे पाप नव्हे. ज्यांच्या साठ लाख बांधवांची राख झाली त्यांनी आपल्या मुलांना गप्प बसायला शिकवावे, असे कोण म्हणेल? पण नेतृत्वाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो लॉस एंजेलिसमध्ये असो, रामल्लामध्ये असो की आपल्या धर्मग्रामातील युवक शिबिरात असो, शेवटच्या दिवशी मुलांना एक परीक्षा द्यावी: समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखव. ज्याला हे जमेल, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यायला हरकत नाही.