आर अक्षरापाशी

वॉशिंग्टन. ६ एप्रिल १९१७, पहाटेचे तीन वाजत आलेत. प्रतिनिधिगृहाच्या प्रेक्षक सज्जात तुम्ही कसेबसे अंग चोरून बसला आहात. खाली जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावावर मतदान चाललंय. कारकून वर्णानुक्रमे नावं पुकारतो, खालून होकार नाहीतर नकार येतो. ‘रँकिन’ म्हटल्यावर मात्र काहीच येत नाही. सगळा सज्जा कठड्यावर ओणवा होतो.

जनेट रँकिन, वय ३६. चार दिवसांपूर्वी शपथ घेतलेली, अमेरिकी काँग्रेसमधली पहिली स्त्री. देशातल्या बहुतेक राज्यांत बायकांना अजून मतदानाचा पूर्ण हक्कही नाही. नावं दुसऱ्यांदा पुकारली जातात. ती उठते आणि मतदानात बोलायचं नाही हा रिवाज मोडून सांगते, मला देशाच्या बाजूने उभं राहायचंय, पण युद्धाला मत देता येत नाही.

ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी मंजूर होतो. नकार देणारे ४९ पुरुष लोक विसरून जातील. ती रडली का, याचीच चर्चा होईल. ला गार्डिया या सहकाऱ्याला कुणी तसं विचारलं, तर तो म्हणाला म्हणे, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला काय दिसणार!

ती इथवर आली कशी, ते पाहायला जरा मागे चला. मोंटानातल्या रँचवर वाढलेली थोरली लेक. १९०२ साली जीवशास्त्राची पदवी. मग शाळेत शिकवणं, शिवणकाम, अनाथ मुलांसाठी समाजकार्य. कशातच जीव रमेना. १९११ मध्ये राज्याच्या राजधानीत, हेलेनाला या: पुरुषांनी भरलेल्या विधिमंडळापुढे ती बायकांसाठी मताधिकार मागते आहे. तीन वर्षांनी तो मिळतो. त्या प्रचारात गावोगाव केलेली पायपीट १९१६ च्या निवडणुकीत कामी येते, कारण प्रतिनिधिगृहातल्या मोंटानाच्या दोन्ही जागांसाठी अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ. भाऊ वेलिंग्टन वकील. पैसा आणि डावपेच त्याचे.

जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूटच्या खाणीत आग लागून १६८ माणसं गेली, तेव्हा ती बलाढ्य अ‍ॅनाकोंडा खाण कंपनीविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभी राहिली. त्याच सुमारास राज्याचे दोन मतदारसंघ झाले आणि तिच्या वाट्याला विरोधी पक्षाचा बालेकिल्ला आला. १९१८ मध्ये तिने सिनेटची उमेदवारी मागितली; पक्षांतर्गत लढतीतच हरली.

मग दोन दशकं शांततेसाठी खासदारांचे उंबरठे झिजवणं. साठीला आल्यावर, १९४० मध्ये, ती पुन्हा निवडून येते.

८ डिसेंबर १९४१. तोच सज्जा, पण हवा वेगळी. कालच पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडलेत; आता ठराव जपानविरुद्ध युद्धाचा. ती बोलायला उठते. सभापती रेबर्न तिच्याकडे बघतच नाहीत. कारकून पुन्हा आर अक्षराशी येतो. तिचा नकार ऐकताच सज्जातून हिस्स असा आवाज उठतो. तुमच्या तोंडूनही उठला असता कदाचित. निकाल ३८८ विरुद्ध १. बाहेर अंगावर येणाऱ्या गर्दीतून ती टेलिफोनच्या बूथमध्ये शिरते, दार लावून घेते आणि पोलिसांना बोलावते. मला विचाराल तर पहिला नकार सोपा होता. तेव्हा सोबतीला ४९ जण होते आणि किंमत काय पडते ते ठाऊक नव्हतं.

पुढची निवडणूक तिने लढवलीच नाही. गांधीजींच्या वाटेची ओढ तिला १९४६ ते १९७१ या काळात सात वेळा भारतात घेऊन आली.

आता १५ जानेवारी १९६८. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा, नाव ‘जनेट रँकिन ब्रिगेड’. कडाक्याच्या थंडीत तुम्हीही त्यात आहात. कॅपिटलच्या, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीच्या, आवारात निदर्शनं करायला कायद्याने बंदी, म्हणून पोलीस सगळ्यांना अडवतात. मोजक्याच बायकांना आत सोडतात. ८७ वर्षांची रँकिन सभापतींना द्यायचं निवेदन घेऊन आत जाते. तुम्ही बाहेर थांबता, हातावर हात चोळत.