टाचदुखीची सुई

शिक्षकांच्या एका छोट्या विज्ञान शिबिरासाठी आम्ही भंडारा जिल्ह्यातील आसगावला गेलो होतो. पवनी तालुक्यातले हे धानाचे गाव. रोवणी नुकतीच आटोपली होती. शिबिर संपल्यावर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई लंगडत पुढे आल्या. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत काटा मोडल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावलांनी ती कमी होते, आणि दिवसभर बांधीत उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा सुरू होते, अशी त्यांची तक्रार. तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकून झाली होती. बिबा लावून झाला होता. आता कुणी हाड बसवणाऱ्याचे नाव सांगत होते, तर कुणी नागपूरला जाऊन सुया टोचून घ्यायला. "सुईनं टाच बरी होते म्हणतात, खरं हाय का जी?" त्यांनी विचारले. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब त्या प्रश्नामागे होता. आम्हाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

हे दुखणे आजचे नाही. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' नावाचा विकार आहे. वेडेवाकडे पाऊल पडल्याने वात घोट्या-टाचेशी साचतो आणि वेदना होतात, असे त्याचे वर्णन. अकराव्या शतकातील 'चक्रदत्त' या ग्रंथात त्यावर रक्त काढणे, एरंडेल पिणे आणि तापवलेल्या सुईने डागणे हे उपाय दिले आहेत. म्हणजे टाचेची आणि सुईची गाठ आपल्याकडेही जुनीच. मात्र ही डागण्याची सुई; चिनी अॅक्युपंक्चरशी तिचे नाते जोडण्याची घाई करू नये.

चिनी सुई भारतात आली तो मार्ग वेगळा आहे, आणि त्याच्या सुरुवातीला दोन मराठी माणसे आहेत. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून निघाले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बिजॉय बसू व डॉ. देबेश मुखर्जी होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. त्यांचे नाव निघाले की सुयांचीही आठवण काढली जाते, पण पथकाने चीनला नेली ती आधुनिक शस्त्रक्रिया. सुई शिकून आले ते बसू, आणि तेही पुढे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले तेव्हा. परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात ती वापरली आणि इतरांना शिकवली. महाराष्ट्रात या उपचाराचा स्वतंत्र कायदा झाला तो २०१५ च्या नावाने.

खुद्द चीनमध्येही सुईचे दिवस सारखे नव्हते. १८२२ मध्ये सम्राटाने ती राजवैद्यकाच्या शिक्षणातून काढून टाकली होती. १९५० नंतर डॉक्टर अपुरे आणि लोक अफाट, म्हणून नव्या सरकारने तिला पुन्हा वर आणले. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराचे आंत्रपुच्छ पेकिंगमध्ये काढले गेले. त्याच्या लेखामुळे अमेरिकेत सुईची लाट उसळली. गंमत म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल नेहमीच्या इंजेक्शनचीच होती; सुया टोचल्या त्या नंतर पोट फुगले म्हणून. तरी सुयांच्या भुलेवर शस्त्रक्रिया झाली ही कथाच अधिक पसरली.

हाड बसवणाऱ्याचा अमेरिकी भाऊबंद म्हणजे कायरोप्रॅक्टर. १८९५ मध्ये डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबून त्याला ऐकू आणले, अशी या पंथाची जन्मकथा. शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्याने होतात, असे पामर पुढे लिहून गेले. कानाची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांमधून नव्हे, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही दाखवता येईल.

आता टाचेकडे येऊ. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टी ताणलेली असते. वर्गात प्रयोग करून पाहा: विद्यार्थ्याला उभे करा आणि त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. तळव्याची कमान आपोआप उंचावते. ही पट्टी अंगठ्याभोवती दोरासारखी गुंडाळली जाते, हे हिक्स यांनी १९५४ मध्ये दाखवले. प्रत्येक पावलाला तिच्यावर ताण येतो, आणि तिच्या टाचेकडच्या टोकाशी दुखते.

कारणांचा इतिहास मात्र चुकांनी भरलेला आहे. क्ष-किरणांत टाचेखाली हाडाचा काटा दिसू लागला तेव्हा सारा दोष त्याच्यावर गेला. काही डॉक्टरांनी तर तो परम्याने वाढतो असे ठरवले. मग असे काटे मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही सापडले. 'प्लांटर फॅसिआयटिस' या नावातला 'आयटिस' म्हणजे दाह. पण २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाहाच्या खुणा नव्हत्या, पट्टीची झीज होती. नाव तेवढे राहिले.

या दुखण्याचा एक गुण सर्व उपचारकांना लाभदायक आहे. बहुतेकांची टाच साधारण वर्षभरात आपोआप शांत होते. माणूस उपचाराला जातो तो कळ सर्वांत जास्त असताना. त्यानंतर वीट, बिबा, सुई, मणका, काहीही केले तरी महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटण्याची शक्यता आधीपासूनच असते. मग 'मला गुण आला' या साक्षीचे काय करायचे?

यावर उपाय म्हणजे फसवी सुई. १९९८ मध्ये जर्मनीतील श्ट्राइटबेर्गर यांनी नाटकातल्या खंजिरासारखी सुई केली. बोथट टोक कातडीला टेकते आणि सुई मुठीत शिरते. रोग्याला टोचल्यासारखे वाटते. जर्मनीतच ११६२ कंबरदुखीच्या रोग्यांवर झालेला मोठा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तुलनेसाठी शास्त्रोक्त बिंदू सोडून इतरत्र वरवर सुया टोचल्या. खऱ्या उपचाराने ४७.६ टक्के, खोट्याने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्के रोग्यांना आराम पडला. आमच्या मते या तीन आकड्यांवर शाळेत एक संपूर्ण तास घ्यावा. सुई टोचणे उपयोगी पडले, पण ती कुठे टोचली याला फारसे महत्त्व उरले नाही!

टाचेवरचा प्रयोग २०१४ चा, ऑस्ट्रेलियातील कॉचेट आणि सहकाऱ्यांचा. ८४ रोगी; स्नायूत टोचायची खरी सुई विरुद्ध फसवी. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर पहिल्या पावलाची कळ खऱ्या सुईने सुमारे १४ मिलिमीटर अधिक उतरली. फरक खरा, पण रोग्याला निश्चित जाणवेल असे जे किमान माप संशोधकांनी धरले होते त्याहून कमी. शिवाय खऱ्या सुईच्या ३२ टक्के बैठकींत टोचल्यावरचे दुखणे वा तत्सम किरकोळ त्रास झाला. मणका दाबून टाच बरी होते याला असा आधार आम्हाला दिसत नाही. पाऊल आणि पोटरी हाताने मोकळी करून जोडीला व्यायाम दिल्यास फायदा होतो, असे ६० रोग्यांच्या २००९ च्या एका प्रयोगात आढळले. तो उपचार फिजिओथेरपिस्टांनी केला होता.

सर्वांत स्वस्त उपाय २००३ मध्ये तपासला गेला. पाय गुडघ्यावर आडवा घेऊन बोटे नडगीकडे ओढायची, दहा मोजेपर्यंत धरायची, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप सकाळी पाऊल टाकण्यापूर्वी. पोटरी ताणण्याच्या व्यायामापेक्षा आठ आठवड्यांत हा सरस ठरला.

तोच आम्ही बाईंना दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आसगावला गेलो तेव्हा त्यांची टाच बरी होती. व्यायाम त्यांनी जमेल तसा केला होता, तीनदा सुया टोचून घेतल्या होत्या आणि वीट सोडली नव्हती. "विटेनंच गेलं जी," त्या म्हणाल्या.

आम्ही हे नववीच्या मुलांना सांगितले आणि कशाने गेले ते कसे शोधाल, असे विचारले. गावातल्या दुखऱ्या टाचांचे दोन गट करायचे, एकाला वीट द्यायची, दुसऱ्याला नाही, इथवर मुले झटपट आली. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे हेही एकाला सुचले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पण सर, दुसऱ्या गटात माझी आजी आली, तर तिला वीट ठेवू नको असं कोण सांगणार?"