वृद्धसेवा, अंबरनाथ औद्योगिक परिसरातील

वृद्धांना शक्यतो त्यांच्या घरी व परिचित समाजात ठेवून आरोग्यविषयक व सामाजिक साहाय्य पुरविणे, यास समुदायाश्रित वृद्धसेवा म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात फाळणीनंतरचे पुनर्वसन आणि उद्योगांमुळे झालेले स्थलांतर यांमुळे तिला विशेष महत्त्व आले.

एकत्र कुटुंब हाच महाराष्ट्रात वृद्धांचा पूर्वापार आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगुगृह (पुढे ‘निवारा’) उभे राहिले. तथापि अशा संस्थांचा आश्रय मुख्यतः निराधारांपुरता मर्यादित होता. १९५१–६१ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सु. ४१ वर्षे असल्याने वार्धक्य हा स्वतंत्र सामाजिक प्रश्न मानला जात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धकाळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सु. एक लाख सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार व आप्तसंबंध गमावलेल्या वृद्धांना बराकींत नव्याने संसार मांडावा लागला. त्यांना कुटुंबाबरोबरच समाजाच्या पंचायती व धर्मस्थाने यांचा आधार मिळाला.

अंबरनाथ येथील परिस्थिती वेगळी होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्याच दशकात येथील औद्योगिक वसाहत आकारास आली. आरंभीचे पुष्कळ कामगार निवृत्तीनंतर गावी परतत. पुढे मुलांची नोकरी व बिऱ्हाड येथेच झाल्याने वृद्ध आईवडीलही येथे राहू लागले. लहान घर, दिवसभर कामावर असलेली मुले आणि सुना यांमुळे आजारी वृद्धाजवळ बसण्यास माणूस उरेना. यंत्रांच्या आवाजाने आलेला बहिरेपणा किंवा धुळीमुळे जडलेले फुप्फुसांचे विकार निवृत्तीबरोबर संपत नाहीत. काही तर त्यानंतरच प्रकट होतात.

कामगारांच्या सुरक्षिततेसाठी कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८) व भविष्यनिर्वाह निधी अधिनियम (१९५२) झाले. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगारास, अल्प वार्षिक वर्गणी भरून, स्वतःसाठी व पतीसाठी वा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा मिळण्याची तरतूद पुढे करण्यात आली. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा व ५८ वर्षांचे वय या मुख्य अटी होत्या. २०१४ मध्ये किमान मासिक वेतन १,००० रु. ठरले. यांतील प्रत्येक लाभ नोंदलेल्या सेवेशी निगडित होता. कंत्राटी वा तुटक काम केलेले कामगार, तसेच घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया यांनी तितकेच श्रम केले, तरी पुराव्याअभावी त्यांना हे संरक्षण बहुधा लाभले नाही. त्यांच्यासाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना (१९८०) व केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना (१९९५) हे आधार राहिले.

वृद्धांसंबंधीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. २००७ च्या अधिनियमाने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकून न्यायाधिकरणाची सोय केली. २०१०–११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बाह्यरुग्ण तपासणी, जिल्हा रुग्णालयांतील स्वतंत्र कक्ष व गृहभेटी यांचा समावेश झाला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सु. ९·९ टक्के होते.

ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे यांमुळे चालत्याफिरत्या वृद्धांचा एकाकीपणा कमी होतो. परंतु अंथरुणास खिळलेल्यांपर्यंत ती पोहोचू शकत नाहीत. अशा वृद्धांची शुश्रूषा अद्यापि मुख्यत्वे घरातील स्त्रियांवरच अवलंबून असते. म्हणून निवृत्तिवेतनाइतकीच नियमित गृहभेटींची व शुश्रूषा करणाऱ्यांना विसावा देण्याची व्यवस्था औद्योगिक नगरांत आवश्यक ठरते. ती सेवेच्या नोंदीवर नव्हे, तर गरजेवर आधारलेली असल्यासच नोंदीबाहेरच्या वृद्ध कामगारांना तिचा लाभ होऊ शकेल.