नाशिकहून आफ्रिकेला

सोलापूरच्या किल्ल्याच्या तटाखाली मुलांना बसवून इतिहास शिकवणे हा माझ्या मास्तरकीतला एक आवडता उद्योग आहे. एकदा मलिक अंबराची कथा चालली होती. ॲबिसीनियात जन्मलेले ते पोर गुलाम म्हणून विकले गेले, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात दख्खनेत आले आणि पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ बनले. १६१० साली त्याने खडकी वसवली, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घालून दिली, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर हा आमचा किल्लाही आदिलशाहीकडून घेतला. एवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला, "गुरुजी, एवढा हुशार होता, तर तो आपल्या गावाला परत का नाही गेला?"

मी निरुत्तर झालो. अंबराची बुद्धी दख्खनला मिळाली आणि १६२६ साली त्याची मातीही दख्खनलाच मिळाली. ज्या भूमीने त्याला जन्म दिला तिच्या पदरी काय पडले? काहीच नाही.

पण परत गेलेली माणसेही होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातूनच गेली. एकोणिसाव्या शतकात गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अरबी समुद्रात पकडली, की सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांपैकी पुष्कळांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनच्या आश्रयाला ठेवले जाई. तेथे ती अक्षरे गिरवीत, रंधा मारीत, भात्यापुढे घाम गाळीत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्या काळजाच्या दफनाच्या वेळी प्रार्थना याने वाचली, आणि पुढील वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर हाच चालला.

त्याच १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह केला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी त्यासाठी खटपट केली होती. सुटलेल्या गुलामांना आसरा हवा म्हणून मोंबासासमोर 'फ्रियर टाऊन' वसले. ते उभारायला आले शरणपूरचेच पाद्री प्राइस, आणि हाताशी नाशिक-मुंबईकडची सुमारे दीडशे आफ्रिकी माणसे. सुतार, लोहार, मास्तर, दुभाषे. तिकडे त्यांचे नावच पडले 'बॉम्बे आफ्रिकन'! मायदेशी परतले, तरी लोकांच्या लेखी ते मुंबईकरच.

त्यांनी बरोबर सोन्याच्या मोहरा नेल्या नव्हत्या. नेले ते हातातले कसब आणि चार अक्षरे. विल्यम जोन्स हा त्यांच्यातला कर्ता माणूस. त्याच्या रबाई येथील वस्तीत पळून आलेले गुलाम आसरा घेत. १८८९ च्या आरंभी अशा चौदाशेंहून अधिक जणांना, त्यांच्या मालकांना मोबदला देऊन, मुक्तिपत्रे मिळाली.

मात्र गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ही माणसे हाताखालचीच राहिली. पगारावरून आणि मानावरून खटके उडत. जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८६४ पासून तिथे राबत होते. धर्मसेवेची पहिली दीक्षा मिळायला १८८५ साल उजाडले. काम करायला आपला माणूस हवा, पण ठरवायला नको, हा जुनाच न्याय.

आज आफ्रिकेतील राष्ट्रे परदेशी पसरलेल्या आपल्या लोकांना साद घालीत आहेत. २०१२ साली जोहान्सबर्गला त्यासाठी मोठी परिषद भरली. बोलणे बहुधा पैशाचे असते, घरी पाठवलेल्या रकमांचे, भांडवलाचे. पैसा लागतोच. पण शरणपूरच्या त्या सुतार-लोहारांकडे पाहिले म्हणजे वाटते, परत येणाऱ्याला नुसते राबायला बोलावून भागत नाही. त्याला बैठकीतही जागा द्यावी लागते.

हे काही केवळ आफ्रिकेपुरते नाही. आमच्या सोलापुरातून पुण्या-मुंबईला गेलेली पोरे या दिवाळीतही घरी येतील. आम्ही त्यांना फराळ देऊ, गावच्या देवळासाठी वर्गणी मागू. गावच्या पाण्याविषयी, शाळेविषयी, बंद पडलेल्या मागांविषयी त्यांचे काय म्हणणे आहे, हे कोणी विचारील काय?

त्या मुलाला मी पुढच्या तासाला नाशिकची ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, परत गेलेले पण परकेच झाले की!"