हिंदनगरचे राखणदार

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात देशाचं परराष्ट्र धोरण रोज जेवणाच्या टेबलावर ठरतं. मागे एकदा एक मित्र म्हणाला, "तेव्हा आपण जागतिक शांततेवर नुसती भाषणं ठोकली." मला उत्तर सुचलं नाही. रात्री नेरुळला घरी येऊन वाचत बसलो आणि कोरियात पोचलो. तिथे एक मराठी नाव भेटलं: मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे.

जून १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटलं. भारताने लढायला फौज दिली नाही. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली लष्करी वैद्यकीय पथक पाठवलं. पुढच्या वर्षी तहाची बोलणी सुरू झाली आणि युद्धकैद्यांवर अडली. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना मायदेशी परतायचं नव्हतं. चीन म्हणे, सगळे परत हवेत. अमेरिका म्हणे, कोणावर सक्ती नको. या एका प्रश्नापायी माणसं आणखी वर्षभराहून जास्त काळ मरत राहिली.

कृष्ण मेनन यांनी मधला मार्ग मांडला. ३ डिसेंबर १९५२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो स्वीकारला. रशियाने विरोधात मत दिलं, चीनने तो फेटाळला. तरी २७ जुलै १९५३ च्या युद्धबंदीच्या वेळी तोडगा निघाला तो बराचसा याच वळणाचा. पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांची राखण मात्र एकट्या भारताकडे आली.

इथे भाषण संपतं आणि काम सुरू होतं. थोरातांच्या हाताखाली सुमारे सहा हजार जवान निघाले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही त्यांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात, म्हणून बंदरावरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर. एका बाजूचे साडेबावीस हजारांवर कैदी, दुसऱ्या बाजूचे ३५९. यातलं आपलं कोणीच नव्हतं.

१९४५ मध्ये ब्रह्मदेशात कंगॉच्या लढाईत थोरातांना शौर्यासाठी डीएसओ मिळालं होतं. आता त्याच माणसाची परीक्षा बंदूक न उचलण्यात होती. सप्टेंबरात कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाआड ओलीस धरलं. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि ग्रेवालना सोडवून आणलं. नेहमीच इतकं निभावलं नाही. ऑक्टोबरात जवानांना गोळीबार करावा लागला, काही कैदी मेले.

हिशेब सरळ सांगायचा तर काम अपुरं राहिलं. ज्या त्या बाजूच्या प्रतिनिधींनी आपल्या प्रत्येक कैद्याला भेटून समजावायचं, मग त्याने ठरवायचं, अशी योजना होती. मुदत ९० दिवसांची. प्रत्यक्षात समजावणी चालली जेमतेम दहा दिवस. छावणीतल्या टोळ्या कैद्यांना धमकावत, आणि ती दहशत मोडायची तर रक्त सांडावं लागलं असतं. जानेवारी १९५४ मध्ये भारताने उरलेले कैदी ज्याचे त्याच्या हवाली केले. चीन नाराज झाला. ऱ्ही तर आधीपासूनच होते.

माझ्या कामात दोन टीमची सॉफ्टवेअरं जोडून द्यावी लागतात. काही बिघडलं की दोघंही जोडणाऱ्यालाच धरतात. पण तो नसेल तर ती एकमेकांशी बोलतच नाहीत. हिंदनगर फसलं असं म्हणणं सोपं आहे. पण कैद्यांना हातात घ्यायला कोणी तिसरा तयार झाला नसता, तर तहावर सह्या कशाच्या जोरावर झाल्या असत्या?

शेवटी ८८ जण उरले: ७६ कोरियन आणि १२ चिनी. त्यांना दोन्ही बाजू नको होत्या. फेब्रुवारी १९५४ मध्ये आपली फौज परत निघाली तेव्हा त्यांना सोबत मद्रासला घेऊन आली. काही पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, मोजके इथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना मित्राला मी एवढंच सांगितलं: भाषण दिलं होतं, खरंय. पण त्या भाषणाची राखण करायला सहा हजार माणसंही पाठवली होती.