‘प्यासा’च्या आधीचं हसू

बनशंकरीतल्या घरी ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ पुन्हा पाहिला, पुन्हा मनसोक्त हसलो. नायक प्रीतम हा बेकार व्यंगचित्रकार, खिशात दमडी नाही. लग्न होतं तेही वारशाच्या पैशासाठी जमवलेलं. त्याची व्यंगचित्रं काढली होती म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांनी.

ही बेकारी गुरुदत्तला ऐकीव नव्हती. १९२५ साली याच बेंगळुरूत जन्मलेला हा माणूस पुण्याच्या ‘प्रभात’मधून सुटल्यावर १९४७च्या सुमारास माटुंग्याला महिनोन्‌महिने रिकामा होता. तेव्हा त्यानं इंग्रजी कथा लिहिल्या, ‘कश्मकश’ नावाचा मसुदाही लिहिला. त्यातूनच १९५७चा ‘प्यासा’ घडला.

प्रीतम आणि ‘प्यासा’तला कवी विजय ही एकाच रिकामपणाची दोन रूपं. फरक आहे तो दोष कुणाला द्यायचा यात. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. त्याच वर्षीच्या या विनोदी चित्रपटात खलनायिका ठरते घटस्फोटाच्या हक्काची कैवारी सीतादेवी, म्हणजे ललिता पवार. मधुबाला मिळाली की प्रीतमच्या भाकरीचा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन वर्षांनी गुरुदत्तनं तो विचारला. आणि या वेळी आरोपी होते कवितांवर डल्ला मारणारा प्रकाशक, सख्खे भाऊ आणि टाळ्या वाजवणारी गर्दी.