पहाटेचं विमान: आदल्या रात्रीचं हॉटेल निवडताना काय पाहावं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्रवाशाला परदेशी जायचं तर मुंबई, गोवा, बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठावं लागतं. विमान पहाटेचं असेल तर घरून थेट निघणं जोखमीचं असतं. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटात एखादं झाड आडवं पडलं तरी दोन-तीन तास जातात. म्हणून आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम केला जातो. पण फक्त ‘विमानतळाजवळ’ हा शब्द पाहून खोली घेतली तर पैसे जातात, कधी विमानही चुकतं. या मुक्कामाचं काम एकच असतं: ठरलेल्या वेळी योग्य टर्मिनलच्या दारात पोहोचवणं.

आधी विमानतळ, मग टर्मिनल

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ आहे, तर ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा पेडणे तालुक्यात. दोन्हींमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर आहे. मोपाच्या विमानासाठी वास्कोत किंवा मडगावात खोली घेणं म्हणजे पहाटे अख्खा उत्तर गोवा ओलांडणं. मोपासाठी पेडणे, म्हापसा किंवा सावंतवाडी-बांदा बाजू सोयीची, दाबोळीसाठी वास्को-चिखली.

मुंबईतही तसंच आहे. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ले बाजूला, टर्मिनल २ अंधेरी-सहार बाजूला. रस्त्याने अंतर चार-पाच किलोमीटर. एकाच कंपनीची विमानं दोन्ही टर्मिनलवरून सुटू शकतात, त्यामुळे तिकिटावरचं टर्मिनल वाचूनच हॉटेल पाहावं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिथून विमान असेल तर अंधेरीत न राहता पनवेल, खारघर किंवा बेलापूरला थांबावं. कोल्हापूर-पुण्याकडून येणाऱ्याला पनवेल वाटेतच लागतं.

तारखेची चूक

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विमान १५ तारखेला पहाटे २.३० ला असेल तर खोली १४ ची हवी, आणि घरून निघायचंही १४ लाच किंवा त्याआधी. १५ ची खोली घेतली तर ती दुपारी बारा किंवा दोनला मिळते. तोवर विमान गेलेलं असतं. बुकिंग करताना ‘मुक्कामाची रात्र’ बोटावर मोजून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी.

वेळेचा उलटा हिशेब

देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, परदेशीचा ६० ते ७५ मिनिटं आधी. विमानात चढण्याचं गेट सुमारे २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणून देशांतर्गत विमानासाठी दोन तास, परदेशीसाठी तीन तास आधी टर्मिनलवर पोहोचावं. समजा देशांतर्गत विमान ५.४० चं आहे. टर्मिनलवर ३.४० ला हवं, हॉटेलमधून ३.१५ ला निघायचं, म्हणजे अडीचला उठायचं. हॉटेलात रात्री बाराला पोहोचलं तर झोप जेमतेम दोन तासांची. मग महागड्या खोलीपेक्षा जवळची, शांत, साधी खोली पुरते.

फोन करून विचारायच्या गोष्टी

• पहाटे तीनला रिसेप्शनवर माणूस असतो का, मुख्य दार उघडं असतं का? लहान लॉजमध्ये शटर ओढलेलं असतं. बिल रात्रीच चुकतं करावं.
• विमानतळावर सोडायची गाडी आहे का? असल्यास ती रात्रभर चालते का, कोणत्या टर्मिनलला जाते, पैसे वेगळे पडतात का?
• गाडी नसेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून मिळेल का? गोव्यात ओला-उबर चालत नाही. स्थानिक टॅक्सी किंवा गोवा माइल्स पाहावं लागतं. मुंबईची मेट्रो पहाटेच्या विमानाला कामाची नाही, कारण पहिली गाडी सहाच्या सुमारास सुटते.
• नाश्ता खोलीच्या दरात असेल तर तो सकाळी सातनंतरच मिळतो. डबा बांधून देतात का, हे विचारावं.
• सोबत परदेशी पासपोर्टचा नातेवाईक असेल तर हॉटेलला त्याची सरकारी नोंद करावी लागते. सगळी लॉज ती करत नाहीत. आधीच विचारलेलं बरं.

आधार किंवा पासपोर्ट प्रत्येकाचा मूळ हवा, फोटोकॉपी नको. वयस्कर माणूस सोबत असेल तर लिफ्ट रात्रीही चालू असते ना, हेही विचारावं.

हॉटेल कधी नको?

प्रत्येक वेळी खोलीची गरज नसते. बेळगावचा सांबरा किंवा इंदूरचा विमानतळ शहरापासून जवळ आहे; तिथे स्टेशनजवळची खोली किंवा नातेवाइकाचं घरही चालतं. हैदराबादची गोष्ट वेगळी. काचीगुडा-सुलतान बाजार भागातून शमशाबाद वीस-पंचवीस किलोमीटर आहे, त्यामुळे तिथे गाडी पक्की असेल तरच शहरात राहावं. बडोद्याचा प्रवासी परदेशी विमानासाठी अहमदाबादला जात असेल तर पहाटेच्या द्रुतगती मार्गापेक्षा तिथलाच मुक्काम बरा. विमान रात्री एक-दोनचं असेल तर रात्रीच्या खोलीऐवजी दिवसभरासाठी तासांवर मिळणारी खोली पाहावी. संध्याकाळपर्यंत झोप होते आणि रात्री आरामात निघता येतं.

एवढं करूनही विमान चुकलंच तर न परतणाऱ्या तिकिटाचं मूळ भाडं जातं. पण सरकारी कर आणि विमानतळ शुल्क कंपनीकडून परत मागता येतं. ते आपोआप मिळालं नाही तर लेखी मागावं.